तळं वरचं, पाना खालचा

येडशी

येडशीला उतरले तेव्हा मी अर्धी झोपेत होते, त्यामुळे त्या स्टेशनाबद्दल छातीठोकपणे काही सांगता येणार नाही. धुकं होतं. फलाटावर एक काळीभोर शेळी उभी होती आणि मला न्यायला तिलाच पाठवलं असावं अशा चेहऱ्याने बघत होती. तिच्यामागून शकुंतलाताई आल्या, त्यांच्यामागून त्यांचे यजमान माणिकराव, आणि मग मला नीट जाग आली.

शकुंतलाताईंची आणि माझी ओळख कन्याकुमारीच्या सहलीतली. बसमध्ये आम्ही शेजारी होतो आणि कोल्हापूरपासून पुढचा सगळा प्रवास मी त्यांच्या खांद्यावर झोपून केला. मला कुठंही झोप लागते. सावंतवाडीच्या शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं त्याचा हा परिणाम, असं आमच्या घरात म्हणतात. त्या बाईने खांदा काढून घेतला नाही. उलट निरोप घेताना म्हणाल्या, "येळवशीला आमच्याकडं या. शेतात झोपा." तेव्हापासून दर हिवाळ्यात त्यांचा फोन यायचा आणि या हिवाळ्यात मी एकदाची आले.

माणिकराव सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. माणूस कमी बोलणारा, पण चालताना अजून परेडसारखा पायाचा आवाज येतो. वाटेत रामलिंगाला जाऊ म्हणाले. देऊळ दरीत आहे. पायऱ्या उतरत जावं तसं धुकं दाट होत गेलं, झाडांच्या फांद्यांवरून पाणी टपटपत होतं, आणि आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरतोय असं मला वाटायला लागलं. जखमी जटायूला रामाने इथंच पाणी पाजलं म्हणतात. शकुंतलाताईंनी ती जागा दाखवली, तिथं एक म्हातारी डोळे मिटून बसली होती. मीही तिच्याशेजारी डोळे मिटून बसले. देवळात मला हे फार आवडतं, झोपलं तरी कुणी नावं ठेवत नाही.

डोळे उघडले तर माझी पिशवी हलकी झालेली. शकुंतलाताईंसाठी मालवणहून मुद्दाम मागवलेलं खाजं एक माकड वडाच्या फांदीवर बसून खात होतं. आल्याचा तिखटपणा लागला की थांबायचं, विचार करायचं, पुन्हा खायचं. आम्ही तिघं खाली उभं राहून बघत राहिलो.

"हितं आलं की मला तिकडलं आठवतंय," माणिकराव अचानक म्हणाले.

तिकडलं म्हणजे आफ्रिकेतलं. निळी टोपी घालून शांतिसेनेत ते तिकडे एका नदीवर राहिले होते. नदीच्या दोन काठांवर दोन जमातींची जनावरं पाणी प्यायला यायची. पिढ्यानपिढ्या येत होती. मग रेडिओवर एक माणूस बोलायला लागला.

"लई गोड बोलायचा बगा," माणिकराव म्हणाले. "आमाला भाषा कळत न्हवती, तरी ऐकावं वाटायचं. मदीच गाणं म्हनायचा, हसवायचा. लोकं चूल सोडून रेडिओपाशी यायचे. आमचा दुभाषी सांगायचा, तो म्हनतोय नदी खऱ्या लोकांची हाय. खरे लोक म्हंजी कोन, ते तेवढं तोच ठरवायचा."

"मग?"

"मग काय. जनावरं प्यायची बंद झाली अन् आमी मदी जाऊन हुबे राह्यलो."

एवढं बोलून ते पायऱ्या चढायला लागले. मी वर्गात लोकशाहीचे चार आधारस्तंभ शिकवायचे तेव्हा हा माणूस त्या नदीत गुडघाभर पाण्यात उभा असणार, हे मला उगाच डोळ्यांपुढे दिसत राहिलं.

मुरूम

दुसऱ्या दिवशी मुरूमला बाजार. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आणि ती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं की इकडे हा सण दिवाळीच्या तोडीचा आहे. त्या दिवशी गावं ओस पडतात. सगळे शेतात जातात, कडब्याची खोप उभारतात, काळ्या आईची पूजा करतात आणि तिथंच जेवतात. आमच्या कोकणात शेताकडे माणूस काम असेल तरच जातो. केवळ त्याच्यासोबत जेवायला म्हणून कुणी जात नाही, याची मला जरा लाज वाटली.

त्या जेवणाच्या भज्जीत, म्हणजे मिसळ भाजीत, काय काय पडतं हे बघायला मुरूमचा बाजार बघावा. हिरव्या तुरीच्या शेंगा, वाल, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, कांद्याची पात, मेथी, चिंच. बायका टोपलीतली भाजी हातात घेऊन मराठीत भाव करतात आणि भाव पटला नाही की कानडीत पुटपुटतात. शकुंतलाताईंनी आंबिलीसाठी नवं मडकं घेतलं, ते कानाशी धरून टिचकी मारून ऐकलं, ठेवलं, दुसरं ऐकलं. मी त्या ढिगाऱ्यात बसून मडकी ऐकत राहिले असते.

रस्त्यावर आडवा एक भला मोठा फलक लावला होता. पांढऱ्या कपड्यातला गोऱ्यापान हसऱ्या चेहऱ्याचा तरुण हात जोडून उभा आणि खाली लिहिलेलं, 'तुमच्या मनातलं बोलणारा माणूस.'

"हा कोण?"

"गजूभाऊ," शकुंतलाताई म्हणाल्या. "रेखाच्या गावचा. इलेक्शनला उभारनार हाय."

रेखा त्यांची एकुलती मुलगी. एवढं सांगून त्यांनी मडकं पदराखाली घेतलं आणि दुसऱ्याच गोष्टी बोलू लागल्या.

खालचं गाव

गावांची नावं लिहू नका असं मला बजावलं आहे. त्यामुळे मी तिथले लोक आपसात म्हणतात तसंच म्हणते. ज्या गावात शकुंतलाताई राहतात ते खालचं गाव. तिथून टेकाडावर दिसतं ते वरचं. दोन्हींच्या मध्ये ज्वारी, करडई, हरभरा, आणि वरच्या गावाच्या शिवारात एक तळं. संध्याकाळी ज्वारीवरून वारा जातो तेव्हा आमच्या वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ऐकू येतो तसा आवाज येतो. मी अंगणात बाजेवर पडून त्या आवाजात पोहत राहिले.

उठून तोंड धुतलं आणि ओला टॉवेल वाळत घालायला जागा शोधली. देवघराशेजारी भिंतीला टेकून एक लोखंडी दांडा उभा होता. माझ्या छातीपर्यंत उंच, डोक्यावर आडवी पहार. ट्रॅक्टरचा काहीतरी भाग असेल म्हणून मी टॉवेल त्यावर टाकला.

"अगंबाई!" शकुंतलाताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. टॉवेल ओढून काढला आणि त्या लोखंडाला हळदकुंकू लावून मला म्हणाल्या, "तुमाला काय म्हाईत. पाया पडा फकस्त."

मी पाया पडले आणि मग त्या वस्तूची हकीकत ऐकली. तो तळ्याच्या व्हॉलचा, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेचा पाना. फार मागे दुष्काळात दोन्ही गावांनी मिळून ते तळं खोदलं. जागा वरच्यांची, माणसं जास्त खालच्यांची. पुढे पाण्यावरून डोकी फुटली, तेव्हा दोन्हीकडच्या जाणत्या लोकांनी बसून असं ठरवलं: तळं वरच्या गावाकडे, पाना खालच्या गावाकडे. वरच्यांना खालच्यांना बोलावल्याशिवाय पाणी सोडता येऊ नये आणि खालच्यांना वर गेल्याशिवाय पाणी मिळू नये. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी पाना वर जातो. आडव्या पहारीच्या एका टोकाला खालच्या गावाचा माणूस, दुसऱ्या टोकाला वरच्याचा. दोघांनी मिळून फिरवायचा. मग वरचं गाव खालच्यांना जेवू घालतं आणि पाना माघारी येतो; पिकं भिजली की व्हॉल बंद करायलाही तो तसाच वर जातो.

आणि तो वर नेतं कोण? खालच्या गावची वरच्या गावात दिलेली लेक. येळवशीला ती माहेरी येते आणि जाताना पाना घेऊन जाते. लेकीच्या हातातल्या वस्तूवरून दोन्हीकडून कुणी भांडायचं नाही, एवढाच हेतू. मी आयुष्यभर सत्तेच्या विभाजनावर खडूने चौकोन काढले, ते इथं देवघराशेजारी हळदकुंकू लावून उभं होतं. मला मनापासून गहिवरून आलं.

या वर्षी पाना रेखा नेणार होती.

ती दिवेलागणीला आली. तिशीची, चटपटीत, हसरी बाई. नवऱ्याने, सुनीलने, तिला मोटारसायकलवरून दारात उतरवलं, गाडी बंद न करताच "येतो" म्हणाला आणि गेला. शकुंतलाताई चहाचा कप हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

रेखा शेंगा सोलायला बसली. बऱ्याच वेळाने मान वर न करता म्हणाली, "आई, औंदा पाना वर गेला की माघारी यायचा न्हाय."

"म्हंजी?"

"गजूभाऊनं आदीच सगळ्यांना सांगून ठिवलंय. तळं आपलं, पाना आपला. परवा तळ्यावरच हात वर करून ठराव करायचा. सगळं गाव खूश हाय." तिने एक शेंग उगाच दोनदा सोलली. "अन् म्या पाना न्हाय नेला, तर मीबी तिकडं यायचं न्हाय म्हनं. आमच्या घरात कुनी बोललं न्हाय तसं. पर कुनी न्हाय बी म्हनलं न्हाय."

शकुंतलाताई म्हणाल्या, "सुनील काय म्हनला?"

"ते म्हनले, तू खामखा मोठी करू नकोस गोष्ट."

तिची दोन्ही लेकरं वर, सासूपाशी होती. ती माहेरी आली होती तशी परत जाता येईल का, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि परत जायचं तर बापाच्या घरचा पाना कायमचा देऊन जायचं.

माझा पारा चढला. मी म्हणाले, "असं कसं? कुणाचंच काही चुकलं नसताना?"

"चुकलंय की बाई," रेखा म्हणाली. "एक वरीस हितल्या लोकांनी पाना न्यायला उशीर केला, आपसात मानपानाचं भांडण लागलं म्हनून. वर सगळा हरभरा वाळून गेला. माझ्या सासूचाबी. त्येच गजूभाऊ सांगतोय. खोटं कुटं सांगतोय?"

माणिकराव दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि जनावरांना वैरण टाकायला गेले.

खोपीत

येळवशीची सकाळ मी कधी विसरणार नाही. सगळं शिवार माणसांनी भरलेलं आणि तरी शांत. जागोजागी कडब्याच्या खोपी, त्यांवर रंगीत लुगडी पांघरलेली. खोपीत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. माणिकराव पानात आंबील घेऊन पिकावर शिंपडत शेताला वळसा घालत होते आणि तोंडाने कानडी वळणाचे काही शब्द म्हणत होते, ज्यांचा अर्थ विचारल्यावर म्हणाले, "कुनाला म्हाईत. म्हनायचं."

मग जेवण. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे कुस्करून त्यावर ती दाट भज्जी, वर तेल, बाजूला गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक एवढंच त्यात, लसूण-आल्याचा वास, आणि दुसऱ्या वाटीला डोळे जड होतात. आमच्याकडे सोलकढी पिऊन माणूस ताजातवाना होतो. इथली आंबील पिऊन माणूस शहाण्यासारखा आडवा होतो. मी झाले.

खोपीच्या फटींतून ऊन अंगावर पडत होतं. झोपेत मला कडब्याची सळसळ ऐकू येत होती आणि तिच्यामध्ये एक आवाज, फार गोड, मऊ, माझ्याच मनातलं काहीतरी सांगणारा. काय सांगतोय ते कळत नव्हतं, पण ऐकावंसं वाटत होतं. डोळे उघडले तर तो आवाज खोपीतच होता. गजूभाऊ मांडी घालून जेवत होता.

येळवशीला शेतात आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. त्यामुळे त्याला शकुंतलाताईंनीच वाढलं होतं.

"मावशी उठल्या!" तो म्हणाला. "तुमची झोप मोडली, माफी असावी. कोकणातल्या ना तुम्ही? आम्हाला बांगडा कधी खाऊ घालणार?"

आणि खरं सांगते, मला तो आवडला. फलकावरच्यापेक्षा सावळा, कपाळावर घाम, हाताची बोटं चाटून जेवणारा. माझे गुडघे दुखतात हे त्याने माझ्या उठण्यावरून ओळखलं आणि टेकायला गाठोडं आणून दिलं. बंद पडलेली एसटी त्यानेच सुरू करून घेतली होती, कुणाच्या आईला दवाखान्यात स्वतःच्या गाडीतून नेलं होतं. त्याने एक ओवी म्हटली, गळा तयारीचा. मी टाळी दिली. शेजारच्या शेतातली माणसंही हळूहळू आमच्या खोपीपाशी येऊन बसली, खालच्याच गावची ती. ती पण हसत होती.

हात धुऊन उठताना तो रेखाला म्हणाला, "वहिनी, उद्या सावकाश या. पाना तेवढा आणा. अन् माघारी न्यायची घाई करू नका. आपलंच घर हाय ते."

रेखा म्हणाली, "बगू."

"बगायचं काय त्यात? समद्या गावाच्या मनातलं हाय." तो हसून माणिकरावांच्या पाया पडला आणि बांधावरून निघून गेला.

माणिकराव आंबिलीची वाटी हातात धरून बसले होते. म्हणाले, "तिकडं मदी हुबं राहायला आमी लांबनं गेलो होतो. वर्दी होती, गाडी होती, मागं सारं जग होतं म्हना. हितं मदी माझी पोरगी हाय."

पुढे म्हणाले, "रेखा, तू नेऊन दे उद्या. अन् देऊनच टाक. गावाचं मी बगतो."

तळ्यावर

खालच्या गावातून पंधरावीस माणसं निघाली. एरवी वाजंत्री असतात म्हणे, या वेळी नव्हते. रेखा पुढे, पाना छातीशी आडवा धरलेला, पदर डोक्यावरून. मी मागून धापा टाकत. दव अजून वाळलं नव्हतं आणि हरभऱ्याच्या आंबट पाल्याने माझ्या साडीचे काठ ओले झाले होते.

टेकाड चढून वर आलो तर तळं दिसलं. आकाशाएवढं निळं आणि इतकं निवांत, की त्यावरून भांडण होऊ शकतं हे पटेना. काठावर मांडव होता. भोंगे, खुर्च्या, एका बाजूला मोठाल्या पातेल्यांतून शिऱ्याचा वास. मुलं पळत होती, बायका नटून आल्या होत्या. कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. मी राग शोधत होते, आणि सगळीकडे लग्नघरासारखा आनंद होता. सरपंच पहिल्या रांगेत बसले होते, पण कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

गजूभाऊ बोलायला उभा राहिला. एक माणूस फोन धरून त्याचं थेट प्रक्षेपण करत होता. त्याने कुणाला शिवी दिली नाही. वाळलेल्या हरभऱ्याची गोष्ट सांगितली, ती ऐकून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, "आमचं पाणी दुसऱ्याच्या घरात कुलपात. किती दिवस? कागद नको, मिटिंगा नकोत, साहेब नकोत. जनता हीच सभा. जे खरे या गावचे, त्यांनी हात वर करा!"

हात वर गेले. शेताएवढे हात. बायकांच्या बांगड्या घसरून कोपरापर्यंत आल्या त्याचा एकच मोठा आवाज झाला. सरपंचांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांचाही हात वर गेला. सुनील मांडवाच्या खांबाशी उभा होता. त्याने चप्पल सारखी केली, खांब धरला, सोडला आणि हात वर केला.

"आणा वहिनी," गजूभाऊ दोन्ही हात पुढे करून म्हणाला.

रेखा हलली नाही. आवाज ओसरत गेला. ती वळून बापाकडे आली. आम्ही सगळे खालचे एका बाजूला उभे होतो.

"दे, बाळा," माणिकराव हळू म्हणाले. "तुला हितं नांदायचंय."

"नांदायचंय म्हनून तर देत न्हाय, आप्पा," रेखा म्हणाली. "आज ह्यांनी पाना घेतला की उद्या तुमी वाट आडवताल. परवा पोरींची ये-जा बंद. मग म्या कुटं नांदू? मला दोन्हीकडनं दार पायजे."

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण फोन धरलेला माणूस दुसऱ्या हातात माईक घेऊन जवळ आला होता आणि भोंग्यातून ते सगळ्या तळ्यावर ऐकू गेलं.

तिने पाना बापाच्या हातात दिला. माणिकराव पायाचा तो आवाज करत व्हॉलपर्यंत गेले, पाना बसवला आणि पहारीचं एक टोक धरून उभे राहिले. त्यांना त्या जागी तसं उभं राहिलेलं बघून मला रामलिंगाच्या पायऱ्यांवर ऐकलेली नदी दिसली.

"दुसरं टोक वरच्या गावाचं," रेखा म्हणाली. "कोन येतंय?"

कुणी आलं नाही. मांडवात कुजबुज झाली, कुणी हसलं, मग तेही थांबलं. नुकतेच वर गेलेले एवढे हात होते, आता त्यांतला प्रत्येक कुणाच्या तरी खिशात किंवा पदरात होता. तळ्यावरून एक बगळा संथ उडत गेला आणि सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"बरं. म्या धरते," रेखा म्हणाली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

गजूभाऊ हसत म्हणाला, "वहिनी, तुम्ही तिकडच्या. बाप एका टोकाला अन् लेक दुसऱ्या, मग ह्या गावाचं कोण राहिलं?"

"म्या राह्यले की. माझं रेशनकार्ड हितलं, मतदान हितलं, लेकरं हितली. तुमाला निवडून द्यायला मी ह्या गावची, अन् पाण्याला तिकडची व्हय?"

तेव्हा मी पहिल्यांदा त्याचा चेहरा रिकामा झालेला पाहिला. क्षणभरच. त्याच्याकडे तिला उत्तर नव्हतं असं नाही. पण ते द्यायचं तर तिला मोठ्याने परकी म्हणावं लागलं असतं, आणि फोन चालू होता.

बापलेकींनी जोर लावला. व्हॉल गंजलेला, वर्षभर बंद. पाना तसूभर हलेना. रेखाचे दंड थरथरत होते, तोंड लाल झालं होतं. मी पुढे जाणार होते, शकुंतलाताईंनी माझा हात धरला. "आपून न्हाय. वरच्यांनी पायजे," त्या म्हणाल्या आणि माझा हात त्यांनी सोडला नाही.

बायकांच्या घोळक्यातून एक बुटकी म्हातारी उठली. अनवाणी, कंबरेत वाकलेली, कडेवर रेखाचं धाकटं. तिने ते मूल शेजारणीच्या मांडीत टाकलं आणि कुणाकडे न बघता पुटपुटत निघाली. रेखाची सासू.

"गहू पिवळा पडायलाय माझा," ती म्हणत होती. "ठराव करा न्हाय तर ठेवून द्या. मला आज पानी पायजे." रेखाच्या शेजारी उभं राहून तिने पहार धरली. मग मांडवाकडे मान फिरवून ओरडली, "अन् सून माझी हाय! कुनी तिकडची म्हनलं तर मला येऊन सांगा!"

तिघांनी मिळून जोर लावला. लोखंड कण्हल्यासारखं झालं, पाना फिरला आणि खालच्या मोरीतून पाणी धो धो बाहेर पडलं. पाटात आधी वाळलेली पानं वाहून गेली, मग फेस, मग स्वच्छ पाणी. मुलांनी आरडाओरडा केला. माणिकराव पहार सोडून खाली बसले आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसू लागले.

गजूभाऊ सावरला होता. तो पाटाशी जाऊन फोनकडे बघत सांगत होता, की बघा, ही आपल्या गावच्या एकीची ताकद, आपल्या मायबहिणींची ताकद. टाळ्या पडल्या. ठरावाचं काय झालं ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मी परत आल्यावर शकुंतलाताईंनी फोनवर सांगितलं, की तो पुढल्या ग्रामसभेत पुन्हा आणणार आहेत, आणि या खेपेला हात वर करायच्या आधी बऱ्याच बायका रेखाच्या सासूच्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या आहेत. खालच्या गावातही एकाने 'आपला माणूस' म्हणून फलक लावला आहे. कुणाचं काय होईल ते सांगता येत नाही.

शिरा मात्र आम्ही सगळ्यांनी खाल्ला. खालच्यांना वाढायचं की नाही यावर जरा अडलं होतं, पण पातेलं मोठं होतं.

उन्हं कलली तेव्हा आम्ही पाना घेऊन उतरायला लागलो. परत नेताना लेक आणि जावई पोचवायला येतात, ही पण रीतच. सुनील आला. त्याने पाना खांद्यावर घेतला होता. रेखा त्याच्यापुढे चालत होती आणि मी दोघांच्या मागे, ज्वारीच्या त्या समुद्रात, पायांखालच्या वाटेवर अर्धवट पेंगत. पाटाचं पाणी आमच्या सोबतीने खाली येत होतं. ते रेखाच्या सासूच्या गव्हात शिरलेलं मी वळून पाहिलं.

सुनील बराच वेळ काहीतरी बोलायचं म्हणून घसा साफ करत होता. शेवटी म्हणाला, "सगळ्यांनीच केलता हात वर."

रेखा थांबली नाही.

"सगळ्यांचं सोडा," ती म्हणाली. "मला तुमचा दिसला."